चाळीस तुकड्यांचं झबलं

मित्रांनो, तोल्कुनला त्या सकाळी माझ्याकडून फक्त शंभर ग्रॅम हवे होते. शंभर ग्रॅम म्हणजे काय, दोन मुठी मनुका. पण तेवढे मिळाले की तिचं बाळ वजनाच्या कार्डावरच्या लाल रेषेच्या वर जाणार होतं. बाळ रेषेच्या वर गेलं की सासूचं तोंड बंद होणार होतं. आणि सासूचं तोंड बंद झालं की अर्चा नावाच्या डोंगरी झाडाच्या लाकडाचा जुना पाळणा तिच्याच घरात राहणार होता. शंभर ग्रॅमच्या बदल्यात एवढं मिळत असेल तर कोण सोडेल? मीही सोडलं नसतं. आणि खरं सांगायचं तर मीही सोडलं नाही.

मी एक जुना वजनकाटा आहे. तान्ह्या बाळांचा. माझी पाठ लोखंडाची आहे आणि वरचं ताट पांढऱ्या मुलाम्याचं. पुढे एक दांडी आहे, तिच्यावर दोन सरकती वजनं आहेत, मोठं किलोचं आणि धाकटं ग्रॅमचं. दांडी समतोल झाली की तिचं पितळी टोक समोरच्या खुणेशी नाकाला नाक लावून उभं राहतं. किरगीझांचा मुलूख मोठ्या देशाचा भाग होता तेव्हा एका दूरच्या कारखान्यात माझा जन्म झाला. गवतात गुंडाळून, आधी आगगाडीने आणि मग घोडागाडीने, मला डोंगरातल्या चोलोक-तेरेक गावी आणलं. तिथल्या एका खोलीच्या दवाखान्यात शारापात नावाची नर्स तेव्हा नुकतीच रुजू झाली होती. गाव तिला एजे, म्हणजे थोरली बहीण म्हणे. पहिल्याच दिवशी तिने माझ्या ताटावर दुलई अंथरली आणि दांडीच्या धारेला तेलाचा एक थेंब लावला. त्या थेंबाचा मी जन्मभर मिंधा आहे.

चौतीस वर्षं गावातलं प्रत्येक बाळ आधी आईच्या हातावर आणि मग माझ्या ताटावर आलं. ज्या मुली माझ्यावर रडल्या त्याच मोठ्या होऊन आपली मुलं घेऊन आल्या. माझ्या शब्दाला किंमत होती. मी साडेचार म्हटलं की आजी हसायची, तीन म्हटलं की आई ओठ चावायची. जडशीळ बाळ आलं की माझ्या दांडीला एक डौल यायचा. हलकं बाळ मला फारसं आवडत नसे. तो माझा दोष. त्याचा हिशेब पुढे येईलच.

मग एका वसंतात कुठल्याशा योजनेतून एक नवा काटा आला. सपाट, काचेचा, पोटात बॅटरी. बाळ ठेवलं की तो लाल आकडे दाखवायचा, तेही सुट्ट्या ग्रॅमसकट. त्याच्यासोबत भिंतीवर लावायला एक कागद आला: बाळाला पूर्ण उघडं करून वजन घ्यावे. शारापात एजेने तो टेबलावर ठेवला आणि मला खिडकीखालच्या स्टुलावर. त्याच्याखाली स्वच्छ पांढरा कपडा. माझ्याखाली जुनं वर्तमानपत्र. मित्रांनो, मत्सर कसा असतो ते तुम्हाला मी सांगू शकतो. तो ग्रॅमग्रॅमने चढतो, आणि कुणी दांडीकडे बघत नाही.

आता तोल्कुनची गोष्ट. उपेल आपाच्या घरात दोन सुना होत्या. थोरली तोल्कुन, धाकटी मीरगुल. तोल्कुन लग्नानंतर नऊ वर्षं रिकाम्या मांडीने राहिली. या नऊ वर्षांत ती दुसऱ्यांची बाळं घेऊन माझ्याकडे यायची, त्यांचं झबलं काढायची, घालायची, आणि घरी जायची. दहाव्या वर्षी तिला दिवस गेले. त्याच वर्षी मीरगुल सून होऊन आली आणि तिलाही, पहिल्याच वर्षी, दिवस गेले.

तोल्कुनला जिल्ह्याच्या प्रसूतिगृहात एक दिवस आणि एक रात्र कळा आल्या. मुलगा झाला, दोन किलो नऊशे. नाव तिलेक. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच्या पायाने अंगणात आली. एकोणीस दिवसांनी मीरगुलला शहरात नेलं. बाळ मोठं होतं, आडवं होतं, सिझर करावं लागलं. मुलगा झाला, चार किलो दीडशे. नाव एरबोल.

तिलेक आधी जन्मला म्हणून पाळणा रीतीने तोल्कुनकडे गेला. तो काही साधा पाळणा नव्हता. उपेल आपाची आठ मुलं त्याच्यात वाढली होती आणि आठही जगली होती. त्या मुलखात पाळण्याची किंमत अशी करतात. पण एरबोल शहरातून आला, तेव्हा उपेल आपाने त्याची मांडी दोन बोटांत धरून पाहिली आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "पाळणा भरेल त्याचा पाळणा. कोकरू गोठ्यात घालून बैलाला बाहेर कोण बांधतं?"

बायका हसल्या. उपेल आपाही हसली. थट्टाच होती. पण तोल्कुन हसली नाही. चहा ओतता ओतता ती म्हणाली, "खरंय आपा. काहींना कळा येतात, काहींना नुसती बाळं येतात. मी प्रसवले. मीरगुलचं तर काढलं."

मग मीरगुल हसायची थांबली.

हे सगळं मला कसं ठाऊक? मित्रांनो, दवाखान्यात बायका रांगेत बसतात आणि मला कान आहेत असं कुणाला वाटत नाही. मीरगुल एकदा शारापात एजेला हळूच म्हणाली होती, "एजे, एक तरी कळ यायला हवी होती मला. मी झोपले आणि उठले तर बाळ होतं. आता लोक म्हणतात, कुठून आणलं."

"पोटातूनच आणलं," शारापात एजे म्हणाली. "पोट फाडून आणलं. कमी आहे का ते?"

"जाऊबाईंना सांगा."

"जाऊबाईंना मी काही सांगत नाही. त्यांची जीभ माझ्या सुईहून लांब आहे."

तर एकीला दुसरीच्या बाळाच्या मांड्या खुपत होत्या आणि दुसरीला पहिलीच्या कळा. दोघींनी आपापल्या परीने भरपाई सुरू केली. मीरगुलला दूध उशिरा उतरलं होतं, म्हणून बाटली लागली होती. आता तिने बाटलीत रवा घातला, रव्यात साखर घातली, साखरेवर साय घातली, आणि मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा तुकडा दोऱ्याला बांधून एरबोलला चोखायला दिला. जन्म दिला नाही म्हणता ना, मग वाढवून दाखवते. तोल्कुनचं दूध कमी पडत होतं. तिलेक पाळण्यात मुठी चोखायचा. पण तिने बाटली घेतली नाही. कशी घेणार? "बाटलीवर गाय वाढते, बाळ नाही," असं तिनेच साऱ्या गावासमोर म्हटलं होतं. तिची स्वतःचीच जीभ तिच्या लेकराच्या आणि दुधाच्या मध्ये आडवी पडली.

दोन महिन्यांच्या वजनाला ती आली, तेव्हा तिलेकच्या अंगात चाळीस तुकड्यांचं झबलं होतं. बाळ चाळीस दिवसांचं झालं की चाळीस घरांतून कापडाचा एकेक तुकडा मागून ते शिवतात. ते झबलं कुणी उसवत नाही. त्यात नजर लागू नये म्हणून चांदीचं नाणं शिवलं तरी कुणी विचारत नाही.

"काढ झबलं," शारापात एजे नव्या काट्याचं बटण दाबत म्हणाली.

"नाही एजे. दात येईपर्यंत परक्यापुढे काढायचं नाही असं माझी आई सांगायची. आणि त्या विजेच्या पाटावर मी लेकरू ठेवणार नाही. आपला जुना चालेल."

आपला जुना. मित्रांनो, पाच-सहा महिन्यांत मला कुणी आपला म्हटलं नव्हतं.

शारापात एजे कागदाकडे बघून जरा घुटमळली. मग जुन्या सवयीने म्हणाली, "बरं. झबल्याचे दोनशे वजा करू." तिलेक माझ्या ताटावर आला. आणि मला लगेच कळलं. बाळ गरम असतं, वळवळतं, त्याचं वजन ताटावर इकडून तिकडे फिरतं. चांदी थंड असते आणि जिथल्या तिथे बसते. झबल्याच्या तुकड्यांखाली सहा थंड ठिपके होते, वीस वीस ग्रॅमचे. तोल्कुनच्या लग्नातल्या वेणीला लटकणारी जुनी चांदीची नाणी. सासूनेच दिलेली.

माझी दांडी चार किलो पाचशे वीसवर थांबली. वजा दोनशे, चार तीनशे वीस. रेषा चार तीनशेला होती. तोल्कुनने श्वास सोडला.

मी गंजलेला होतो. आखडायचं म्हटलं असतं तर सहज आखडलो असतो. दांडी अडकली असती, शारापात एजेने कागदाप्रमाणे झबलं काढायला लावून बाळ नव्यावर ठेवलं असतं, आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण मी आखडलो नाही. उलट त्या दिवशी मी ताजं तेल प्यायल्यासारखा चाललो. कारण नवा टेबलावर दिवा विझवून बसला होता, आणि बाळ माझ्याकडे आलं होतं.

त्यानंतर दर महिन्याला झबल्याला दोन्ही बाजूंनी नवे तुकडे लागले, कारण बाळ लांब होत होतं. आणि तुकड्यांखाली नाणी वाढली, कारण बाळ भरत नव्हतं. नऊ. चौदा. एकोणीस. तोल्कुनच्या वेणीला नुसत्या दोऱ्या उरल्या. ती डोक्याला रुमाल घट्ट बांधून येऊ लागली. कार्डावर तिलेकचा ठिपका रेषेला चाटून वर, दर महिन्याला. त्याच खोलीत नव्या काट्यावर एरबोल चढायचा आणि लाल आकडे पळायचे. आठ किलो. नऊ किलो. दहा. रांगेतल्या बायका तोंडातल्या तोंडात थुंकायच्या, नजर लागू नये म्हणून, आणि डोळ्यांनी त्याला खाऊन टाकायच्या.

"याला काय घालतेस ग?" कुणीतरी विचारायचं.

"काही नाही," मीरगुल म्हणायची. "काढलेलं बाळ आहे ना. आपोआप भरतं."

ती हे कुणाकडे बघून म्हणायची ते सांगायला नको.

शारापात एजे एकदा तिला म्हणाली, "पोरी, सिझरने झालेली काही मुलं पुढे लवकर भरतात, असं आम्हाला शिबिरात सांगितलंय. सगळीच नाही. पण तो शेपटीचा तुकडा तुझ्या डॉक्टरने दोऱ्याला बांधला नव्हता."

मीरगुल हसली. हसता हसता तिने तुकडा खिशात टाकला. बाहेर गेल्यावर परत काढला असणार.

मार्च उजाडला. वाटेवर बर्फ आणि चिखल निम्मेनिम्मे. वजनाचा दिवस होता, म्हणून सगळे एकत्र होते: एरबोलला घेऊन मीरगुल, काठी टेकत उपेल आपा, आणि तिलेकला छातीशी धरून तोल्कुन. तिलेक सात महिन्यांचा होता. तीन दिवस खोकत होता. श्वास घेताना त्याच्या फासळ्यांखाली खळगा पडत होता. रडतही नव्हता. मुठी चोखणंही त्याने सोडलं होतं.

शारापात एजेने छातीला नळी लावून ऐकलं आणि तिचा चेहरा बदलला. "वजन सांग लवकर," ती जणू मलाच म्हणाली आणि त्याला माझ्यावर ठेवलं. आता त्याच्या झबल्यात एकोणतीस नाणी होती. वळवळ नव्हतीच. ताटावर सगळंच चांदीसारखं पडून होतं.

सहा नऊशे ऐंशी. वजा दोनशे. सहा सातशे ऐंशी.

तिने कार्डावर ठिपका दिला. "रेषेच्या वर आहे," ती म्हणाली आणि तिला जरा हायसं वाटलं. "सुई इथेच देते, वजनाच्या हिशेबाने. संध्याकाळी घरी येऊन दुसरी देईन. रेषेखाली असता तर अशी भरलेली छाती घेऊन मी त्याला गावात ठेवलंच नसतं. आत्ताच्या दुधाच्या गाडीत घालून जिल्ह्याला धाडलं असतं."

बाहेर दुधाच्या गाडीचा भोंगा वाजला. ती गाडी दुपारी एकदाच जाते.

मित्रांनो, त्या क्षणी तोल्कुन काय मोजत होती ते मला दिसत होतं. एका बाजूला पाळणा, सासूचं हसू, मीरगुलचं तोंड, नऊ वर्षं. दुसऱ्या बाजूला एक खोकला. ती मीरगुलकडे बघत होती. मीरगुल एरबोलची टोपी सरळ करत होती. शारापात एजेने सुईत औषध ओढलं.

"एजे," तोल्कुन म्हणाली, "ती रेषा कितीला आहे?"

"सहा सातशेला."

"मग तो खाली आहे."

"खाली कसा? मी आत्ताच—"

"कात्री द्या."

शारापात एजेने कात्री दिली नाही, म्हणून तिने दातांनी टाका तोडला. पहिलं नाणं माझ्या ताटावर पडलं. तो आवाज मी अजून विसरलो नाही. मग दुसरं. चाळीस घरांचे तुकडे एकेक करून सुटत गेले आणि नाणी पडत गेली. ती मोजत नव्हती. मी मोजत होतो. एकोणतिसाव्यानंतर तिने उसवलेलं झबलं बाजूला टाकलं, नाणी हाताने लोटून दिली, आणि तिलेकला उघडंच माझ्यावर ठेवलं. त्याच्या पाठीचे मणके मला एकेक लागले.

सहा किलो दोनशे.

मी खरंच बोललो होतो, मित्रांनो. दर महिन्याला, एका ग्रॅमचीही चूक न करता. म्हणूनच माझी लाज जास्त होती.

उपेल आपाने जमिनीवरचं एक नाणं उचलून डोळ्यांजवळ धरलं. "हे मी दिलेलं," ती म्हणाली. "तुझ्या वेणीतलं."

"हो."

"माझ्या त्या बोलण्यावरून?"

तोल्कुनने बाळाला कांबळ्यात गुंडाळलं.

भोंगा पुन्हा वाजला, आणि गाडी हलल्याचा आवाज आला. मग एक अशी गोष्ट घडली, जिचा हिशेब मला लागला नव्हता. मीरगुलने एरबोलला सासूच्या मांडीत आदळलं आणि ती धावत सुटली. पोटावरचा टाका अजून ओढायचा तिला, हे मला ठाऊक होतं. ती चिखलात गाडीच्या पुढ्यात दोन्ही हात पसरून उभी राहिली. ड्रायव्हरने दिलेली शिवी मला इथपर्यंत ऐकू आली.

परत येऊन तिने आपली पिशवी उचलली. बाटली, डबा, चमचा.

"तू कुठे?" तोल्कुन म्हणाली.

"तुमच्याबरोबर. बाटली कशी करायची ते तुम्हाला कुठे येतं?"

"मला नको ती—"

"गप बसा जाऊबाई. प्रसवायचं तुम्हाला येतं, मान्य. वाढवायचं आता माझ्याकडून शिका." मग ती जरा थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आणि आजचं कुणाला सांगणार नाही मी. तुम्हीपण ते काढलं-बिढलं परत म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

एवढाच करार झाला. दोघी गाडीत चढल्या.

उपेल आपा एरबोलला मांडीत घेऊन माझ्याशेजारी बसून राहिली. थोड्या वेळाने तिचे पाय बधीर झाले. "अग, हा फार जड आहे," ती म्हणाली. तिने हे पहिल्यांदाच तक्रारीच्या सुरात म्हटलं. शारापात एजेने त्याला नव्या काट्यावर ठेवलं. अकरा किलो शंभर. सात महिन्यांचा होता तोही, एकोणीस दिवस कमी. त्याच्या वयाची बाळं पालथी पडून छाती उचलतात. एरबोल पालथा पडला की पडूनच राहायचा आणि धापा टाकायचा. त्या दिवशी कुणी तोंडातल्या तोंडात थुंकलं नाही. शारापात एजेने मीरगुलच्या ओट्यावरून चरबीचे तुकडे जमा करून कुत्र्याला घातले. तो कुत्रा मात्र चांगला भरला.

तिलेक सोळा दिवसांनी परत आला. आला तेव्हा मुठी चोखत होता आणि वाटीकडे बघत होता. झबलं न घालता माझ्याकडे आणला, सहा किलो पाचशे. रेषेखालीच. पण त्यातला एकही ग्रॅम थंड नव्हता.

आता माझं काय झालं ते सांगून संपवतो. शारापात एजेने ठरवलं, यापुढे एकच काटा आणि एकच नियम. नव्यानेच माझी जागा घेतली, आणि मला उपेल आपाने तिच्या अंगणात नेलं. आता माझ्यावर कोकरं मोजतात. ताटाचा मुलामा उडालाय, दांडीवर कोंबडी बसते. तक्रार नाही. कोकरांच्या आया शेजारच्या मेंढीला विचारत नाहीत, तुझं किती भरलं म्हणून. पण दवाखान्याची खिडकी इथून दिसते. आत लाल आकडे लागले की माझी दांडी अजून थरथरते. सवय जात नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला एक विनंती. घरात बाळ आलं की त्याचं वजन जरूर करा, उघड्या अंगाने करा, आणि कार्डावर खरं लिहा. ते कळा देऊन आलं की टाके घालून, हे एकदा विचारून झालं की सोडून द्या. आणि त्याचा आकडा शेजारच्या बाळाच्या आकड्यापुढे मांडू नका. काटा एकाच बाळासाठी केलेला असतो. ताट एकच असतं, बघा.

उरला हिशेब. तोल्कुनची एकोणतीस नाणी धुऊन परत वेणीला लागली, ती काही हरली नाही. मीरगुलला पुन्हा कुणी काढलं-बिढलं म्हणालं नाही, तीही सुटली. उपेल आपाचं एक वाक्य होतं, ते तिने गिळलं, पोटही दुखलं नाही. पाळणा शेवटी कुणाचाच राहिला नाही. वर्षात दोन्ही मुलं त्याच्यापेक्षा लांब झाली. तो माळ्यावर आहे. मला अंगण मिळालं, कोकरं मिळाली. किंमत भरली ती दोघा पोरांनी. एकाने सोळा दिवस सुया खाऊन, आणि दुसऱ्याने दोन उन्हाळे बाकीची पोरं धावत असताना ओसरीवर बसून. हे सगळं सुरू झालं तेव्हा दोघांना धड बसताही येत नव्हतं. मोजता तर येतच नव्हतं.